जाळ्यात धरलेली माती

रानशेत गावाच्या पुढे विजेचे खांब पाड्यापाशी येऊन संपतात. तिथून पायवाटेने डोंगर चढत गेलं की हाल्या काटेलाची जमीन लागते. एक कुडाची झोपडी, छपरावर उन्हात तापत पडलेलं सोलरचं एक पॅनेल, आणि मागे एवढी दाट झाडी की नवख्या माणसाला झोपडी आधी दिसतच नाही. फोन लागत नाही. पाणी ओहळाचं. तरी हाल्या आणि त्याची बायको जमना वर्षातले बहुतेक दिवस तिथेच काढतात. खाली पाड्यात त्यांचं चांगलं घर आहे, पण तिथे त्यांना करमत नाही.

काही वर्षांपूर्वी हा डोंगर बोडका होता. तेव्हा हाल्या खलाशी होता, धाकट्या डहाणूला नविन तांडेलच्या, म्हणजे नाखव्याच्या, बोटीवर. मासेमारी बंद असली की पावसात घरी यायचा आणि थोरला भाऊ काकड्या याच्यासोबत खाली भात, वर उतारावर नागली लावायचा. दरवर्षी नागली खुजी होत चालली होती, कारण माती वाहून जात होती. पण त्याचा जीव समुद्रात होता, डोंगराकडे बघायला त्याला वेळ नव्हता.

मग एकदा जाळं ओढताना दोर त्याच्या उजव्या हाताभोवती आवळला आणि दोन बोटं गेली. नविनने दवाखान्यात नेलं, जखम भरेपर्यंत घरी ठेवून घेतलं. पण तीन बोटांनी ओलं जाळं ओढता येत नाही. हाल्या घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. कुणाशी बोलेना. जमनाने काही दिवस बघितलं आणि एका सकाळी त्याच्या हातात विळा दिला.

"वर जा. गवत काप, नाहीतर नुसता बसून ये. इथे बसलास तर मलाच वेड लागेल."

तो वर गेला. गवत कापण्यासारखं फार नव्हतंच. करवंदीच्या एकुलत्या एका जाळीजवळ दगडावर टेकला, तर समोरून एक रानकोंबडी पिलं घेऊन चालली होती. उघड्या खडकावरून पिलं तुरुतुरु पळत होती. वरून शिक्रा आला, एक पिलू उचललं, गेला. कोंबडी बाकीच्यांना घेऊन त्या एका जाळीत घुसली आणि हाल्याच्या पायापासून हातभर अंतरावर श्वास धरून बसली. माणसाची भीती होती तिला, पण लपायला दुसरी जागाच नव्हती.

रात्री जेवताना त्याने हे जमनाला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तो इतकं बोलत होता.

"आमच्या लहानपणी या डोंगरावर भेकरं होती गं. ओहळाला होळीपर्यंत पाणी असायचं. आता लपायला एक जाळी राहिली."

"मग जाळ्या वाढव," जमना म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाकर टाकली.

तिने ते सहज म्हटलं होतं. हाल्याने मनावर घेतलं.

काकड्या मात्र भडकला. जमीन दोघांची होती. "बापाने जमीन नागलीसाठी ठेवली की कोंबड्यांसाठी? आणि उद्या कोंबड्या झाल्याच, तर मी त्या खाणार, आधीच सांगतो." काकड्याची गलोल अख्ख्या पाड्यात प्रसिद्ध होती, त्याचा नेम चुकत नसे. शेवटी जमनानेच तोड काढली. खालची भाताची चांगली खाचरं काकड्याने घ्यावीत, वरचा उतार हाल्याने. सौदा काकड्याच्या फायद्याचा होता, म्हणून तो गप्प बसला. पाड्यात लोक म्हणाले, समुद्राचं वारं हाल्याच्या डोक्यात शिरलंय.

पहिलं काम ओहळ अडवण्याचं. नवरा-बायकोने उन्हाळाभर दगड रचून आडवे बांध घातले. आषाढात एका दुपारी डोंगरावरून लोंढा आला आणि सगळे बांध घेऊन गेला. हाल्या पावसात उभा राहून बघत होता. मोठे दगड त्याला उचलता येत नव्हते आणि लहान दगड पाणी ठेवत नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर तो नविनला भेटायला धाकट्या डहाणूला गेला. खाडीच्या काठावर फाटक्या जाळ्यांचा ढीग पडला होता. हाल्याने सवयीने एक टोक हातात घेतलं, ओढून बघितलं. दोरा अजून मजबूत होता. तो तिथेच उकिडवा बसला, जाळ्याची झोळी केली आणि तिच्यात काठावरचे गोटे भरले. झोळी उचलायला बघितली, हलेना.

"तांडेल, ही जाळी मला दे."

नविन हसला. "डोंगरावर मासे धरणार काय?"

"माती धरणार."

एसटीच्या कंडक्टरने वासामुळे जाळ्यांची गाठोडी चढवू दिली नाहीत. चिकू उतरवून परत चाललेला एक टेम्पो मिळाला, त्याचा ड्रायव्हर सगळी वाट नाकाला रुमाल बांधून होता. त्या हिवाळ्यात वर नव्याने घातलेल्या झोपडीबाहेर बसून हाल्या जाळी शिवू लागला. तीन बोटांत सुई धरायला तो नव्याने शिकला. आधी गाठ सुटायची, मग बसायला लागली. लहान लहान गोट्यांनी भरलेली लांब पोती तयार झाली आणि ओहळात एकाखाली एक आडवी पडली. पुढच्या आषाढात लोंढा आला, पोत्यांवरून उड्या मारत गेला आणि जाताना आपली माती मागे ठेवून गेला.

एक चूक झाली होती. एका सकाळी जमनाने हाक मारली, जाळ्याच्या मोकळ्या पदरात धामण अडकली होती. जितकी सुटायला बघे तितकी गुरफटत होती. जमनाने तिची मान धरली, हाल्या एकेक धागा कापत गेला. सुटल्या सुटल्या धामणीने जमनाच्या मनगटाला चावा घेतला आणि गवतात पसार झाली.

"बघ, हे आपल्याला थँक्यू," जमना रक्त पुसत म्हणाली. धामण बिनविषारी, ते दोघांना ठाऊक होतं. पण हाल्याला हसू आलं नाही. ज्यांच्यासाठी हे मांडलं त्यांनाच फास लावला, असं त्याला वाटलं. त्यानंतर त्याने सगळे मोकळे पदर आत दुमडून शिवले, पोती मातीखाली पुरली आणि वर निरगुडी लावली. निरगुडीच्या मुळांनी सगळं असं आवळून धरलं की आज खाली जाळं आहे हे कुणाला सांगूनही पटत नाही.

झाडं फार लावावी लागली नाहीत. उंबराचं जुनं खोड होतं, त्याला पालवी फुटली. बोरी, करवंदी, कारवी आपणहून वर आल्या. प्रश्न होता बकऱ्यांचा. पाड्यातल्या तानीच्या बकऱ्या कोवळा कोंब शिल्लक ठेवत नसत. जमना तिच्याकडे गेली. भांडायला नाही, चहा प्यायला.

"बकऱ्या वर सोडू नकोस. त्याऐवजी वरच्या कडेचं गवत कापून ने. सगळं तुझं."

"कापायला कंबर कोणाची मोडणार?" तानी म्हणाली. पण पहिल्याच हिवाळ्यात तिने भारे मोजले आणि कंबरेचं नाव काढलं नाही. दरवर्षी डोंगराच्या धारेच्या, म्हणजे माथ्याच्या, बाजूने गवताचा लांबलचक पट्टा ती साफ कापून न्यायची.

आणि मग एकेक येऊ लागलं. आधी बेडूक. मग ससे, मोर, रानकोंबड्यांचे कळप. एका संध्याकाळी झाडीतून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं आणि हाल्या हातातली थाळी ठेवून उभाच राहिला. ते भेकर होतं. जमनाने पाहिलं, त्याचे डोळे भरले होते.

काकड्या यातलं काही बघायला वर आला नाही. भावाभावांत राम राम तेवढा उरला होता.

गेल्या वर्षी माघात हाल्या डहाणूला गेला होता आणि जमना वर एकटी होती. दुपारी तिला धूर दिसला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कुणी गवत पेटवलं होतं आणि वारा इकडे वळला होता. बघता बघता धारेवर जाळाची रेघ उभी राहिली. फोन लागण्यासारखा नव्हता. जमनाने पत्र्याचा डबा घेतला, कड्याच्या टोकाला गेली आणि दगडाने बडवत ओरडू लागली. "वणवा! वणवा आला!"

डबा चेपला, तरी ती बडवत होती. कोण येईल याची तिला खात्री नव्हती. लोक म्हणतील, उतार त्यांचा, वेड त्यांचं. तिने ऐनाची ओली फांदी तोडली आणि एकटीच जाळाकडे निघाली.

मागून धापा टाकत माणसं आली. सगळ्यांत पुढे काकड्या होता, त्याच्यामागे तानी, आणि तिच्यामागे निम्मा पाडा.

"जमने, मागे हो!" काकड्या ओरडला. "तोंड झाक!"

आग उतारावरून झपाट्याने खाली आली आणि तानीने कापलेल्या पट्ट्यापाशी अडखळली. तिथे जाळायला काही नव्हतंच. जाळ बुटका झाला, इकडेतिकडे वाट शोधू लागला. "इथेच! इथेच झोडपा!" तानी किंचाळली. माणसं रांगेने उभी राहिली, ओल्या फांद्या वर-खाली होऊ लागल्या. ठिणगी उडाली की कुणीतरी तिच्यावर तुटून पडे. वरचा एक कोपरा जळाला. बाकी सगळं वाचलं.

काळवंडलेली माणसं ओहळावर पाणी प्यायला उतरली आणि जागच्या जागी थांबली. पोत्यांनी पाणी अडून झालेल्या खालच्या डोहाच्या काठावर भेकराची मादी उभी होती, बाजूला पाडस. धुराला भिऊन ती पाण्याशी आली होती. दोन पावलांवर ससा होता, निरगुडीखाली कोंबड्या दाटीवाटीने बसल्या होत्या. माणसं तहानेने व्याकूळ होती, पण एकही पुढे सरकेना. काकड्याची गलोल नेहमीसारखी कंबरेला खोचलेली होती. त्याने हात वर केला, मागच्यांना थांबा म्हणून. मादी पाणी प्यायली, पाडस प्यायलं, आणि दोघं सावकाश झाडीत गेली. मग काकड्या गुडघ्यांवर बसला, ओंजळ भरली आणि पहिली ओंजळ जमनाला दिली.

"इतकं पाणी आहे होय वर," तो म्हणाला. "आमच्या विहिरीला दोन वर्षं पाणी कुठून येतंय, ते आज कळलं."

हाल्या संध्याकाळी धावतपळत वर आला, तेव्हा त्याचा भाऊ झोपडीच्या दारात चहा पीत बसला होता. हाल्या शेजारी बसला, काकड्याने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवला.

होळीआधी गावदेवाशी पाडा जमला, तेव्हा काकड्याच उभा राहिला. डोंगराची ही पूर्ण बाजू कुणी पेटवायची नाही, इथे गलोल चालवायची नाही, आणि धारेचा पट्टा सगळ्यांनी मिळून कापायचा. कुणीतरी विचारलं, "आणि तुझी गलोल?"

"बोरं पाडायला," काकड्या म्हणाला. पाडा खदखदून हसला आणि ठराव झाला.

त्याच उन्हाळ्यात ओहळाजवळच्या म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांच्या जोडीने घर केलं. मादी आत बसली, ढोलीचं तोंड लिंपून घेतलं, एक फट तेवढी ठेवली. नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवत होता. पाड्यातली माणसं कामावरून येताना वाट वाकडी करून बघायला यायची आणि झाडाखाली कुजबुजत बोलायची.

वैशाख संपता संपता एका सकाळी लिंपण फुटलं. मादी आधीच बाहेर येऊन फांदीवर पिसं झाडत होती. ढोलीच्या तोंडाशी पिलू आलं, मोठी वाकडी चोच बाहेर काढून खाली बघू लागलं. खाली हाल्या, जमना, काकड्या, तानी, बायका, म्हातारे, सगळा पाडा माना वर करून उभा होता. पिलाने पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि झेप घेतली. आधी एकदम खाली आलं, मग सावरलं, आणि पंखांचा फडफडाट करत ओहळावरून थेट उंबराच्या शेंड्यावर जाऊन बसलं.

"गेलं! गेलं बघ!" जमना लहान पोरीसारखी उड्या मारत ओरडली, आणि सगळा पाडा तिच्याबरोबर ओरडला.