रिकाम्या जागेचं भाडं

क्लाउडच्या बिलाचा विषय निघाला की ताई आधी पर्समधून रुमाल काढून टेबलावर फेकायच्या. "देखो भिया, जागा धरली ना? आता बसा नाहीतर नका बसू, भाडं तुमचंच!"

धारहून पीथमपूरला शिफ्टच्या बसने जाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. खिडकीतून रुमाल टाकण्यात आपण सगळेच पटाईत. आमच्या औषधांच्या कारखान्यात ताई क्लाउडचा हिशेब बघायच्या, मी शेडचा सुपरवायझर. भाड्याने घेतलेला सर्व्हर म्हणजे बस, आणि त्यावर चालणारे कंटेनर, म्हणजे कारखान्याच्या प्रोग्रामांचे डबे, हे प्रवासी. डब्याने मेमरी, म्हणजे बसमधली जागा, अडवली किती, वापरली किती, त्यातलं जे जास्त ते त्याच्या नावावर. आणि कोणीच न धरलेल्या जागा? त्यांचंही भाडं भरावं लागतंच. ज्याने जितकी बस व्यापली, त्या प्रमाणात ते वाटा, असं ताई सांगायच्या.

साहेबांनी ते रिकाम्या जागांचं भाडं सगळ्या डब्यांत सारखं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या विक्री विभागाच्या एका डब्याने अर्धी बस अडवून ठेवलेली, पण बोलणार कोण? गॅस गळला की शेडमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर इशारा पाठवणारा एक इवलासा डबा होता, ताईंनीच उभा केलेला. त्याच्याही डोक्यावर तेवढाच बोजा बसला. "महाग पडतो, बंद करा," साहेब म्हणाले.

ताई भर मीटिंगमध्ये उठल्या. "हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी झालं! शेडमध्ये माणसं असतात, भिया!"

"मॅडम, इमोशनल होऊ नका. आकडे बोलतात."

"आकडे नाही बोलत, तुम्ही त्यांच्याकडून वदवून घेताय!"

मीही शेडच्या वतीने बोललो, पण पालथ्या घड्यावर पाणी. डबा बंद झाला. बचत झाली म्हणून वर पेढे वाटले, निर्लज्जांनी! आठवलं की अजून माझे कान तापतात. ताईंनी पेढ्याला हात लावला नाही. राजीनामा देऊन त्या देवासला, भावाकडे निघून गेल्या.

गेल्या महिन्यात शेडमध्ये अमोनिया गळला. मोबाइल गप्प, नाकाला झोंबलं तेव्हा कळलं. ओरडून ओरडून माणसं बाहेर काढली. संध्याकाळी बातमी ऐकून ताईंचा फोन आला.

"सगळे बाहेर आले ना?"

"आले ताई. पण दोघं दवाखान्यात आहेत."

मग त्यांनी दोघांची नावं विचारली.

साहेबांनी अजून विचारलेली नाहीत.