जोहराबीचा पदर सुटला

बाभुळगावच्या बाजारगल्लीत मोहिउद्दीन पत्रेवाल्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. डबे, चाळण्या, रॉकेलच्या चिमण्या असं सगळं तो हातानं करायचा. त्याची बायको जोहराबी. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसऱ्याला, जफरला, तिनं डोळ्याआड होऊच दिलं नाही. चूल पेटवताना तो पाठीशी, विहिरीवर जाताना तो कडेवर. चार वर्षांचा झाला तरी बाहेरच्या माणसासमोर तोंड उघडेना. काही हवं असलं की आईचा पदर ओढायचा, आणि आई उठून ते आणून द्यायची.

सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यानंतर सरकारच्या विकास ब्लॉकतर्फे गावात बालवाडी निघाली. यवतमाळच्या एका कारकुनाची मुलगी, सुचित्राबाई, ती चालवायला आली होती. मुलं मागत ती घरोघर फिरली, तशी पत्रेवाल्याकडेही आली. मोहिउद्दीन म्हणाला, "जाने दे. दो अक्षर सीखेगा." जोहराबी नाही म्हणू शकली नाही.

पहिल्या दिवशी जफरनं पदर असा धरला की सोडवता सोडवेना. रडून रडून त्याला उचकी लागली. जोहराबीचेही डोळे भरले. तिला वाटलं, बाई आता ओढून नेतील त्याला. पण सुचित्राबाई म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हीही बसा इथं दारापाशी. त्याला वाटेल तेव्हा तो सोडील."

मग जोहराबी रोज दारात बसू लागली. मांडीवर जफर आणि समोर पोरांचा गोंधळ. पाटी नाही, बाराखडी नाही. कोणी ओल्या मातीचे बैल करतंय, कोणी चिंचोके सारखे वाटून घेतंय, कोणी चिंध्यांच्या बाहुलीला निजवतंय. मध्येच बाई टाळ्या वाजवत गाणं म्हणायच्या, आणि सगळी पोरं गोल फिरायची. जोहराबीला ही शाळा काही कळेना. मोहिउद्दीनलाही कळली नाही. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "क्या सीखा?" आणि जफर आईच्या पाठीशी दडायचा. "खेलने कू घर नै है क्या?" असं पुटपुटत तो पुन्हा हातोडी उचलायचा.

एकदा अंगणात पाण्याची बादली ठेवली होती. गावातल्या एका सालदाराचा पोरगा, उकंडा, नरसाळ्यानं बाटलीत पाणी ओतत होता. बाटली कलंडायची, पाणी सांडायचं, तो पुन्हा भरायचा. जफरची नजर त्या नरसाळ्यावरून हलेना. त्यानं आईचा पदर ओढला. जोहराबी सवयीनं उठायला लागली, तेवढ्यात सुचित्राबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा थोडं. त्याला मागू द्या."

"त्याले मागता नाही येत बाई. तो बोलत नाही."

"बघू तर खरं."

जोहराबी पुन्हा खाली बसली. जफरनं पुन्हा पदर ओढला. तिनं दुसरीकडे पाहिलं. तेवढं करणं तिला फार कठीण गेलं. थोड्या वेळानं मांडीवरचं ओझं हलकं झालं. तिनं वळून पाहिलं, तर जफर बादलीपाशी उभा होता.

"मले दे," तो म्हणाला.

घरात सगळे हिंदी बोलायचे. ही गल्लीची बोली त्यानं दारात बसून, गुपचूप कानात भरून घेतली होती.

उकंडानं मान हलवली. "नाही देत. तू बाटली धर."

आता हा रडणार, असं जोहराबीला वाटलं. पण जफर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी बाटली धरली. या वेळी ती कलंडली नाही. गळ्यापर्यंत भरली, वरून वाहिली, दोघांच्या पायांवर सांडली, आणि दोघं खिदळायला लागले. मग उकंडानं आपणच नरसाळं पुढे केलं. "आता तू."

दुसऱ्या दिवशी दारात येताच जफरनं पदर सोडला आणि आत पळाला. सुचित्राबाई हसून म्हणाल्या, "आता तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

जोहराबी घरी आली. भांडी घासली, पीठ मळलं, अंगण पुन्हा एकदा झाडलं. हाताला दुसरं काही सुचेना. पोरगं सुखी आहे हे कळत होतं, तरी घर खायला उठलं. शेवटी ती पुन्हा बालवाडीत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मले घरी करमून नाही राह्यलं, बाई."

"मग या ना," सुचित्राबाई म्हणाल्या. "मला मदतीला कोणीतरी हवंच आहे. पोरांना घरून आणायचं, हातपाय धुवायचे, आणि त्यांच्यात खेळायचं."

"मी खेळू?" जोहराबीला हसू आलं. तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं.

मोहिउद्दीन मात्र बिथरला. "लोग क्या बोलेंगे? पत्रेवाले की औरत दूसरों के बच्चे संभालती?" जोहराबी भांडली नाही, पण जायचीही थांबली नाही. तेव्हा एका दुपारी तिला घरी आणायचंच असं ठरवून तो निघाला, आणि बालवाडीच्या खिडकीशी येऊन थबकला.

आत पोरांनी बाजार मांडला होता. कोणी मातीची वांगी विकत होतं, कोणी पाल्याची भाजी. एका कोपऱ्यात रिकामे डबे मांडून जफर त्यातल्या एका उलट्या डब्यावर लाकडानं ठोकत होता, अगदी बापासारखी मान तिरपी करून.

"आज नाही झालं भाऊ. उद्या ये."

समोर गिऱ्हाईक होऊन आलेला उकंडा चिडला. "काहून उद्या? काल बी उद्याच म्हनलंतं तुनं!"

मोहिउद्दीनला हसू आवरेना. चार वर्षं मुकं राहिलेलं पोरगं गिऱ्हाइकाशी वाद घालत होतं, आणि तेही बापाच्याच दुकानातल्या शब्दांत! जोहराबीनं खिडकीकडे पाहिलं. तो मागच्या मागे निघून गेला.

रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "उन डब्बों के किनारे तेज हैं. बच्चों का हाथ कटेगा. कल ले आ." दुसऱ्या दिवशी तिनं बालवाडीतले डबे आणले. त्यानं हातातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं आणि बसून एकेक कड आत मुडपली, ठोकून गुळगुळीत केली. तिच्या जाण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे सुचित्राबाईंचं लग्न झालं आणि त्या यवतमाळला गेल्या. जफर मोठ्या शाळेत गेला. तिथंही तो फारसा बडबड्या झाला नाही, पण कोणाशी दोस्ती करायची तर आपणच पुढे व्हायचा. जोहराबी बालवाडीतच राहिली. नव्या बाई आल्या, पोरं बदलली, ती तशीच मातीत बसून बैल करत राहिली. शिंगं मात्र तिला कधी धड जमली नाहीत, आणि पोरं ती मोडून पुन्हा करून द्यायची.

मुसलमान मोहल्ल्यातली पोरं तिला खाला म्हणायची, बाकीची मावशी. पण रोज एकत्र खेळून शब्दांची अदलाबदल होऊन गेली. गावातल्या देवराव शेतकऱ्याची नात गल्लीतून "खाला, खाला" करत धावत यायची, आणि मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्याचा पोरगा तिला मावशी म्हणायचा. आयांनी सुधारून पाहिलं, पण पोरं ऐकतात कुठं! जोहराबी दोन्ही हाकांना ओ द्यायची.