माझ्या बाकावरचं गाऱ्हाणं

देवाला संस्कृत कळतं, मराठी कळतं, मनातल्या मनात म्हटलेलंही कळतं म्हणतात. पण त्याला खडसावून कामाला लावणं हायस्कुलात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीइतकं कोणालाच जमलं नाही, हे मी आजही कुणाशीही भांडून सिद्ध करीन. आता आमच्या सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं, खणखणीत आवाजात केलेली विनवणी. गावचा मानकरी 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो, एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव 'होय म्हाराजा' म्हणून जोर लावतो. तिच्या गावात हा मान तिच्या वडिलांचा. भात आणि काजू यांत बुडालेला माणूस, एरवी दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. पण देवळात उभा राहिला की पलीकडच्या वाडीतली गुरं मान वर करायची. मान अर्थातच पुरुषांचा. पोरींनी मागे बायकांत उभं राहायचं, 'होय म्हाराजा' म्हणायचं आणि प्रसाद घेऊन घरी जायचं. पण देवाची करणी बघा, त्या घराण्याचा आवाज उतरला तो नेमका या पोरीत.

देवळात गाऱ्हाणं घालायला बंदी, म्हणून तिनं शाळा धरली. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरची आमची कौलारू शाळा, मागे एक जांभळीचं झाड, आणि त्या झाडाखाली ही, चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून उभी. कशासाठी गाऱ्हाणं घालावं याला काही धरबंध नव्हता. भूगोलाचे मास्तर नकाशा विसरावेत म्हणून घातलं. माझ्या गळक्या पेनासाठी घातलं. सहलीला विजयदुर्गाला जाताना एस.टी. चढावर बंद पडली, तेव्हा गाडीतल्या गाडीत घातलं, आणि कंडक्टरनं तिकिटांची पेटी काखेत धरून दोन्ही हात जोडले. गाडी सुरू झाली, आता ती ड्रायव्हरच्या खटपटीनं झाली असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण खो-खोच्या सामन्याचं काय सांगाल? समोर पलीकडच्या तालुक्यातल्या पोरी, एकेक अशी उंचनिंच की आम्ही बघूनच अर्ध्या हरलो होतो. हिनं खांबाजवळ उभं राहून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या समोरच्या चेडवांचे पाय जड कर म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "होय म्हाराजा!" आणि काय सांगू, समोरच्या पोरीही सवयीनं आमच्याबरोबर ओरडल्या, "होय म्हाराजा!" आपल्याच पायांवर आपणच धोंडा घातला हे त्यांच्या लक्षात यायला शिट्टी वाजावी लागली. त्यानंतर त्या धावल्या कुठे? आपल्या पायांकडेच बघत राहिल्या. जिंकलो आम्ही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना मॅट्रिकचं वर्ष आलं आणि तिच्या डोक्यावर टांगती तलवार आली. वडिलांच्या मते मुलीला एवढं शिक्षण पुष्कळ झालं होतं. फार रडारड केल्यावर ते कबूल झाले, तेही एका अटीवर. "शाळेतसून एक जरी तक्रार इली, तर दुसऱ्या दिवशीपासून तू घरात आनी दप्तर माळ्यावर." बोलण्यात कमी असलेला माणूस अटीला पक्का असतो. ती वर्षभर जपून वागली. गाऱ्हाणीसुद्धा खालच्या आवाजात घालायला लागली, म्हणजे फक्त शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू जायची.

त्याच वर्षी आम्हाला नवे हेडमास्तर आले, घाटावरचे. बीजगणित असं शिकवायचे की माझ्यासारख्या दगडालाही समीकरण सुटायला लागलं. पण माणसाचे फार हाल. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या पोटाला दोन वेळचा भात झेपेना. शाळेच्या वाटेवर मासळी सुकत घातलेली, तिथून ते नाकाला रुमाल लावून जवळजवळ पळत जायचे. महिन्याभरात कोट अंगावर लोंबायला लागला, आणि त्यांनी बदलीसाठी लिहिलंय अशी बातमी पसरली. आमच्याकडे कोणी मास्तर टिकतच नसे, त्यात हे निघाले म्हणजे मॅट्रिकचं गणित बुडालंच. मग काय, सगळा वर्ग जांभळीखाली गोळा झाला आणि तिनं सगळी काळजी बाजूला ठेवून पूर्ण आवाजात गाऱ्हाणं घातलं. आमच्या शिपायाला फार आनंद झाला. तो तसाच ऑफिसात गेला आणि कौतुकानं सांगून मोकळा झाला, "सायबानू, तुमच्या नावान गाऱ्हाणां घातल्यानी! आख्खो वर्ग होय म्हाराजा म्हणा होतो!"

घाटावरच्या माणसानं याचा अर्थ काय घ्यायचा, सांगा? आपल्या नावानं तक्रार, आणि तिला सगळ्या वर्गाचं अनुमोदन! हेडमास्तरांनी तिचा परीक्षेचा अर्ज अडवून ठेवला आणि वडिलांना बोलावणं धाडलं.

वडील आले, धुतलेली टोपी घालून. ती कोपऱ्यात, रंग उडालेली. शेजारीण म्हणून, म्हणजे तिची साथीदार म्हणून, मलाही आत उभं केलं होतं, आणि बाहेर खिडकीला सगळा वर्ग लटकलेला. हेडमास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "तुमच्या मुलीनं गाऱ्हाणं घातलं." वडील तिच्याकडे वळले. डोळे लाल. "तू? चेडू असान?" मग ऑफिसात उभे आहोत हे आठवून त्यांनी जपून शुद्ध भाषा काढली. "चुकलंच साहेब. मुलीनं घालायचं नसतं. मुलग्यांनी घालावं."

"मुलग्यांनी घातलेलं चालतं?"

"चालतं म्हणजे? रीतच आहे तशी."

"रीत?" हेडमास्तर खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसले. "आणि मोठी माणसं?"

"मोठ्यांचा तर मानच. मी स्वतः दरवर्षी घालतो," वडील छाती पुढे काढून म्हणाले. "सरपंच, तलाठी, पोस्टमास्तर, सगळ्यांच्या नावानं घालतो. कोणाला सोडीत नाही."

कसल्या मुलखात आपल्याला आणून टाकलंय, हे हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मला हसू फुटत होतं, पण तिच्याकडे बघितलं आणि ते गिळलं. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "काय गाऱ्हाणं आहे ते माझ्या तोंडावर सांग. मी ऐकून घेतो." तिनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान फिरवली. मग तिनं चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुका हाक मारतत, ती आयक म्हाराजा!"

खिडकीतून आलं, "होय म्हाराजा!"

"आमचे हेडमास्तर घरदार सोडून हंय इलेत. तेंका भात पचना नाय, माशाचो वास सोसना नाय. तेंच्या पोटाक आराम दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंची बदली जर होतली आसात, तर ती मोडून टाक, आनी तेंचा मन हंय रमव म्हाराजा! तेंच्यासारखा गणित आमका कोण शिकवचा नाय!"

या वेळचं 'होय म्हाराजा' खोलीच्या आतून आलं. वडिलांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. गाऱ्हाणं कानावर पडलं की गप्प राहणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

हेडमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या पोटाची एवढी चौकशी माझ्या घरीसुद्धा कोणी केली नव्हती." त्यांनी ड्रॉवरमधून तिचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. पण वडील काही हलले नाहीत. शाळेतून बोलावणं आलं ते आलंच, आणि वर पोरीनं गाऱ्हाणं घातलेलं. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "सगळ्यांसाठी मागलंस. आपल्यासाठी काय मागूक नाय?"

"मानकऱ्यान आपल्या घरासाठी मागूचा नसता. तुमीच सांगलास," ती म्हणाली. तिचा तो एवढा मोठा आवाज, पण मला शेजारी उभं राहूनही जेमतेम ऐकू आला. "आनी माझा मागणा देवाकडे नाय, बाबानू. तुमच्याकडे आसा. माका मॅट्रिकाक बसूक द्या."

मग खिडकीतून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "होय म्हाराजा." मग दुसरं. मग सगळेच. वडिलांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "पाठवा साहेब अर्ज," एवढंच म्हणून ते तरातरा निघून गेले.

परीक्षेचं केंद्र सावंतवाडीला होतं. पहिल्या पेपराला ते स्वतः आले, हातात नारळ घेऊन. फाटकापाशी गावोगावच्या पोरांची आणि पालकांची ही गर्दी. त्यांनी कोणाला न विचारता चपला काढल्या आणि सुरू केलं. सगळ्या पोरांसाठी मागितलं, मास्तरांसाठी मागितलं, पेपर काढणाऱ्याला सुबुद्धी मागितली. ओळखदेख नसलेली माणसंही 'होय म्हाराजा' म्हणत होती. मग ते म्हणाले, "आनी ह्या माझ्या चेडवाक..." आणि थांबले. आयुष्यात कधी अडखळला नव्हता तो माणूस. ओठ हलत होते, शब्द येईना. सगळी गर्दी 'होय म्हाराजा' तोंडात धरून वाट बघत राहिली. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

ती पास झाली, सेकंड क्लासात. मास्तरीण झाली, गावोगावच्या शाळांत पोरांना शिकवून निवृत्तही झाली. आता सावंतवाडीत घर केलंय. मी अधूनमधून जाते, जाताना बांगडे नेते. दरवेळी ती म्हणते, "बाबांनी ता गाऱ्हाणां पुरा केल्यानी असता, तर माका फर्स्ट क्लास मेळतो होतो गो," आणि जुन्या आवाजात खदखदून हसते. परवा मी सहज विचारलं, "पुढे काय म्हणणार होते गं ते?" ती हसता हसता थांबली. "कोण जाणा," म्हणाली. "इतकी वर्सां होते ते, माका कधी विचारूक सुचलाच नाय."