कॉलरमावशींची तोंडी परीक्षा

कॉलरमावशींना कारखान्यात त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. शर्टाची बाही एकीकडे शिवली जायची, खिसा दुसरीकडे आणि कॉलर मावशींकडे. हजारो कॉलरी त्यांच्या हाताखालून गेल्या, पण अख्खा शर्ट त्यांनी उभ्या जन्मात शिवला नाही. शिलाई मात्र अशी सरळ, की सुपरवायझरलाही खोट सापडत नसे. आणि खोट काढल्याशिवाय त्या गृहस्थाला अन्न गोड लागत नसे.

सुटी पाचला, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पाच वाजले की सुपरवायझर दारात उभा राहून म्हणायचा, "माल उद्या जायचाय, बसा!" माल रोजच उद्या जायचा. मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात. शर्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून म्हणे! आग लागली तर माणसांनी कुठून पळायचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मावशींची तर नव्हतीच. नवरा गुडघ्यांनी घरी बसवलेला, लेक शाळेत. मावशींची नोकरी गेली तर घरात चूल पेटायची नाही. त्यामुळे त्या तोंड मिटून कॉलरी शिवत.

आपण दुकानात 'दोनवर एक फुकट' वाचून हरखतो. ते फुकट कुणाच्या तरी संध्याकाळीतून कापलेलं असतं, पण तसं पाटीवर कोण लिहिणार!

एक दिवस बातमी आली, की शर्ट विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाई तपासणीला येणार. सुपरवायझरची धांदल उडाली. संडासात साबण आला. मग त्याने बायकांकडून उत्तरं पाठ करून घ्यायला सुरुवात केली, तीही मशिनी चालू ठेवून. तो रांगांमधून फिरत कामाचे तास, जादा काम, पाणी असे प्रश्न ओरडायचा आणि बायकांनी एकसुरात उत्तर द्यायचं. त्या खडखडाटात मावशींना प्रश्न काही ऐकू येईना. शेवटी त्यांनी शेजारणीचं ऐकून नुसती उत्तरं घोकली, पाढ्यांसारखी, एकामागून एक.

तपासणीच्या दिवशी बाईंनी एकेकीला ऑफिसात बोलावलं. मावशींची पाळी आली तेव्हा त्या उत्तरं पुटपुटतच आत शिरल्या. काचेपलीकडून सुपरवायझर डोळे वटारून बघत होता.

"बसा मावशी," बाई म्हणाल्या. "प्यायला पाणी कसं मिळतं?"

"आठ तास," मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या.

बाई जरा चमकल्या. "बरं. सुपरवायझर कसे वागतात?"

"आमच्या मर्जीने. कधीतरीच."

"आणि ते मागचं दार?"

"थंड आणि स्वच्छ! रोज!"

बाईंना हसू आवरेना. मग ते हळूहळू ओसरलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

आता कुठे मावशींच्या डोक्यात उजेड पडला, की बाईंचे प्रश्न घोकलेल्या क्रमाने आलेच नव्हते. "बाई, मला कामावरून काढायला लावू नका हो. घर माझ्या एकटीच्या जिवावर चालतं."

"तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. आमच्या दुकानांत हल्ली गिऱ्हाइकं विचारतात, हा शर्ट शिवणारी बाई घरी कधी जाते? त्यांना काय सांगू?"

मावशींनी आधी काचेकडे पाठ केली. मग म्हणाल्या, "लेक झोपल्यावर." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर कशाला मागे ठेवायचं, म्हणून किल्ली कुणाच्या खिशात असते तेही त्यांनी सांगून टाकलं.

पुढचे काही दिवस त्यांना घास गोड लागला नाही. ऑर्डर गेली तर सगळं खापर आपल्या डोक्यावर फुटणार, या धास्तीने त्या कुणाच्या नजरेला नजर देईनात. आणि एका सकाळी खुद्द मालक आला. घसा खाकरून त्याने सांगितलं की ऑर्डर कायम राहिली आहे, भावही थोडा वाढवून मिळाला आहे आणि मालाला मुदत जास्त आहे. अट एवढीच, की मागचं दार उघडं राहील आणि मशिनी पाचला बंद होतील. सुपरवायझरने सगळ्यांदेखत कुलूप काढलं. मावशींनी इतका मोठा श्वास सोडला, की शेजारीण म्हणाली, "अगं, दोरा उडाला माझा!"

त्या दिवशी पाचला मशिनी खरंच थांबल्या. मावशी ऊन असताना घरी निघाल्या. रस्त्यात दुकानं उघडी होती, मुलं खेळत होती, आणि आपल्याच गल्लीत त्या पाहुण्यासारख्या बघत चालल्या होत्या.

दार नवऱ्याने उघडलं. बायकोला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने चौकट धरली.

"काढलं का गं तुला?"

मावशींना बोलायचं होतं, पण आधी हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या उंबऱ्यावरच बसल्या. आतून लेक हातात पेन्सिल घेऊन धावत आली आणि आईला बघून जागच्या जागी थबकली.

"अहो, काढलं नाही," मावशी म्हणाल्या. "पाच वाजले, म्हणून आले."