गाणं म्हणून दाखव

माझं गाव अहेरीच्या पुढे, जंगलात. आम्ही गोंड. आई-बाबा धान पेरतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. चंद्रपुरात मी मायनिंग इंजिनीअर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात जागा मिळाली. आदिवासी मुलांसाठीची सरकारी शिष्यवृत्ती मिळणार होती, पण जातवैधतेचा कागद हवा होता. इंजिनीअरिंगला मी खुल्या जागेतून गेले होते, म्हणून तो कधी काढलाच नव्हता.

त्याच्या सुनावणीला बाबांना घेऊन जातपडताळणी कार्यालयात गेले. टेबलामागे एक मॅडम, एक साहेब आणि कारकून.

मॅडमनी माझ्या जीन्सकडे पाहिलं. "गोंडी येते?"

"घरी तीच बोलतो."

"बोलून दाखव."

मी बोलले. मॅडमनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी कारकुनाकडे. तिघांपैकी एकालाही गोंडी येत नव्हती! शेवटी दारातल्या शिपाईभाऊंना आत बोलावलं.

"काय म्हणाली?"

ते खाली बघत म्हणाले, "साहेब, ते म्हणते, आमच्या नाल्यावर पूल नाई, पावसाळ्यात गाव तुटते."

"बरं. आता लग्नातलं गाणं म्हण."

आमच्यात ही गाणी मांडवात बायका मिळून म्हणतात. त्या खोलीत, फायलींच्या ढिगासमोर, माझा आवाज फुटेना. "येत नाही वाटतं," म्हणत साहेब काहीतरी लिहायला लागले. तेव्हा बाबा उठले. हात बांधून, नजर जमिनीवर ठेवून त्यांनी माझ्या आजीचं गाणं म्हटलं. पहिलं कडवं संपायच्या आत मॅडम मोबाइल बघत होत्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर जंगलात राहिलेल्या माणसानं गोंड असल्याची परीक्षा द्यायची, आणि ती घेणाऱ्याला त्याची भाषासुद्धा कळू नये?

एवढं करून फाइल अडलीच. बाबांच्या शाळेच्या दाखल्यात गुरुजींनी आडनावाची वेलांटी चुकवली होती. मी सात चकरा मारल्या. दर वेळी "पुढच्या आठवड्यात या." तिकडे वर्ग सुरू झाले. मी विद्यापीठाला खरं काय ते लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: जागा एक वर्ष राखून ठेवतो. मला कधी न पाहिलेल्या लोकांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला, याचं बरं वाटण्याऐवजी मला रडूच आलं.

ते वर्ष मी घुग्घुसला कोळशाचे नमुने तपासत काढलं. संध्याकाळी जर्मन शिकले. कागद आला तो पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्यावर शिष्यवृत्तीही मिळाली.

जायच्या आधी त्याच कार्यालयाच्या आवारात सत्काराचं बोलावणं आलं. मंडपात माझ्या फोटोचा बॅनर, शाल, श्रीफळ. "शासनाच्या पाठबळामुळे ही भरारी," असं भाषण झालं. बोलणारे तेच साहेब. माझ्या हाती माइक आला.

"माझं एक वर्ष या कार्यालयात गेलं," मी म्हणाले. "माझ्या वडिलांना इथं गाणं म्हणायला लागलं. त्यांची माफी कोणी मागितली नाही. आज मागा."

कोणी मागितली नाही. सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुढचं नाव घेतलं. मी शाल खुर्चीवर ठेवून खाली उतरले. बाबा घाबरले होते.

"असं काऊन बोलली, बाई? कागद वापस घेतला तर?"

त्यांची ती भीती पाहून मला साहेबांचा आणखी राग आला. आज मी इथं जर्मनीत दुसऱ्या सत्रात आहे, शिक्षण छान चाललंय, आणि तो राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.