रिकामी गाडी मले दाखवू नका

खडूभाऊंच्या दुकानात टायर घ्यायला गेलेला माणूस त्याच दिवशी टायर घेऊन परतला, असं मी कधी पाहिलं नाही. चामोर्शीच्या बाजाररस्त्यावर त्यांचं दुकान होतं. तिथून टायर विकत घेण्यापेक्षा एखाद्याची मुलगी मागणं सोपं गेलं असतं. तुम्ही टायर म्हणालात की प्रश्न सुरू. गाडी कुठी जाते? कोणत्या रस्त्यानं? मागं कोण बसते? डिक्कीत का असते? एकदा मी चिडून म्हटलं, "भाऊ, मले टायर पाह्यजे, मुलाखत नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "टायर गाडीले लागते जी, तुमाले नाई. तुमी गाडीचं सांगा."

त्यांच्या उजव्या कानावर कायम खडूचा तुकडा असायचा. दुकानापुढे सिमेंटचा लांब ओटा होता आणि त्यावर पांढऱ्या रेघाच रेघा. टायरचा जो भाग जमिनीला टेकला असेल तिथे ते खडूची खूण करायचे, तशीच जमिनीवर एक रेघ मारायचे आणि गाडी ढकलायला लावायचे. टायरवरची खूण फिरून पुन्हा जमिनीला टेकली की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे गाडीचं पाऊल. रिम लहान घ्या नाहीतर मोठी, नव्या चाकाचं पाऊल जुन्याएवढंच पडलं पाहिजे, हा त्यांचा कायदा. "पाऊल वाढलं का चाक आतून घासते अन् मीटर खोटं बोलते. घटलं का गाडीचं पोट दगडाले लागते." ढकलायचं मात्र गिऱ्हाईकानं. तहसील कचेरीतल्या एका साहेबांना मी चकचकीत बुटांनी ओट्यावर घसरताना पाहिलं आहे. खडूभाऊ त्यांना म्हणत होते, "जरा दम लावा न साहेब, अर्धंच पाऊल झालं."

तो खडू माझ्या शाळेतला असायचा. मी गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायची, आणि भाऊ महिन्यातून एकदा फाटकाशी येऊन उभे राहायचे. "खडू तुमचा, फळा माहा," म्हणायचे. शाळेच्या खडूवर त्यांचा असा हक्क कुठून आला हे मी कधी विचारलं नाही. देऊन टाकायची आणि दिवसभर चरफडायची.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होते. वय बेचाळीस, आळीत गाडी चालवणारी एकमेव बाई. ढगाळ दिवसातही काळा चष्मा, कोपर खिडकीबाहेर. गाडी जुनी विकत घेतलेली, पण मी ती अशी चालवायची की जणू माझ्यासाठीच कारखान्यातून निघाली आहे. चारही टायर पार गुळगुळीत झाले होते आणि महिन्याभरात धानोऱ्याला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. टायर बदलायचेच होते, म्हणून मी ठरवलं, रिमही बदलायच्या. चंद्रपूरला एका गाडीला मोठ्या, चांदणीसारख्या चमकणाऱ्या अलॉय रिम पाहिल्या होत्या. त्या लावून मंडपापुढे गाडी उभी करायची आणि दार उघडून सावकाश उतरायचं, हे चित्र मी रोज डोळ्यापुढे आणत होते. त्या चित्रात मागच्या सीटवर कोण बसलंय, इकडे माझं लक्ष नव्हतं.

मागे आई बसणार होती. ती माझ्याकडेच राहायची. तिच्या कमरेचा मणका सरकलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जा लग्नाला, पण जोराचा धक्का बसला तर तीन महिने खाटेवर. तिला एवढंच हवं होतं की एकुलत्या एका नातीच्या लग्नात, बुद्धवंदनेच्या वेळी, आपण उभं असावं. पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून तिनं उशाशी ठेवलं होतं. आईची एक खोड होती. काहीही विचारा, उत्तर एकच. जेवण कसं झालं? बरं आहे. कंबर कशी आहे? बरं आहे. तापानं फणफणलेली असतानाही बरंच असायचं. वैताग यायचा नुसता.

चंद्रपूरच्या त्या गाडीच्या टायरवर मी १८५/६५ आर १५ असं वाचून ठेवलं होतं. आमच्या टायरवर १५५/८० आर १३ होतं. मी कागदावर हिशेब मांडला. रिम पंधरा इंची, वर पासष्ट मिलिमीटर रबर, खाली पासष्ट. आमची तेरा इंची, वरखाली ऐंशी ऐंशी. फरक दोनच सेंटिमीटर. कागद खडूभाऊंपुढे ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

त्यांनी कागदातल्या पासष्टवर बोट टेकवलं. "मॅडम, हे पासष्ट का होय?"

"मिलिमीटर."

"टक्के होय जी. टायर एकशे पंच्याऐंशी रुंद आहे, त्याचे पासष्ट टक्के उंच."

मी अकरा वर्षं सातवीला शेकडेवारी शिकवत होते. चुकणाऱ्या पोरांना बाकावर उभं करत होते. भाऊंनी कानावरचा खडू काढला, माझ्या हातात दिला आणि ओट्याकडे बोट दाखवलं. "करा." मी उकिडवी बसून भर बाजारात गणित केलं. उत्तर आलं सव्वाचार सेंटिमीटरच्या वर. चाक मडगार्डला घासणार हे उघड होतं. ते हसले नाहीत. हसले असते तर मी लवकर माफ केलं असतं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी चंद्रपूर गाठलं. तिथल्या दुकानदाराला एकही प्रश्न पडला नाही. त्यानं पंधरा इंची रिमवर १९५/५० चे टायर चढवले. या वेळी गणित मी तीनदा तपासलं. फरक फक्त दोन मिलिमीटर. घरीसुद्धा न जाता गाडी खडूभाऊंच्या ओट्यावर नेऊन उभी केली. "मोजा," म्हटलं.

त्यांनी मोजलं. ढकललं मीच. नवी रेघ जुन्या रेघेपासून बोटभरही लांब पडली नाही.

"पाऊल बरोबर आहे," ते म्हणाले. मी जिंकले होते. माझा चष्मा पुन्हा कपाळावर गेला. तोवर भाऊ चाकापाशी बसले होते आणि रिमच्या काठापासून टायरच्या कडेपर्यंत बोटं लावून पाहत होते. "पयले सहा बोटं रबर होतं. आता पाच बी भरत नाई."

"पण पाऊल बरोबर आहे ना?"

"आहे न. चाक बाहेरून तेवढंच, अन् आतून रिम मोठी. मंग मधलं कमी झालं ते का? रबर. खड्डा एक तं रबर खाते, नाई तं माणूस खाते." मग ते उठले आणि तेच जुनं रडगाणं. "गाडी कुठी जाते?"

"धानोऱ्याला. तुम्हाला माहीत आहे."

"मागं कोण बसते?"

"आई."

"मंग मायले आणा. रिकामी गाडी मले दाखवू नका."

भाऊंच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी सरळ निघून गेले असते. पण भाऊ ओट्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, "मी इथीच आहो." मी तणतणत घरी गेले आणि आईला घेऊन आले. कार्यक्रम आहे असं समजून ती पांढरं लुगडंच नेसून आली. भाऊंनी पितळी लोटा काठोकाठ भरला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "माय, हे धरा फक्त. मॅडम, जुन्या रस्त्यानं पुलापावतर जा अन् वापस या."

त्या दिवशी मी अंडी वाहून नेल्यासारखी गाडी चालवली. प्रत्येक खड्ड्याला विचारत होते, "आई, धक्का बसला का?" मागून येत होतं, "बरं आहे." परत ओट्यावर आलो आणि भाऊंनी मागचं दार उघडलं. लोटा अर्धा रिकामा होता. आईचं लुगडं मांडीपासून गुडघ्यापर्यंत चिंब.

"माय, कंबर कशी आहे?"

"बरं आहे भाऊ."

"हो, दिसून राह्यलं."

मी भांडले. लोटा जास्त भरला, रस्ता मुद्दाम वाईट निवडला, खूप काही बोलले. भाऊंनी ऐकून घेतलं आणि डिक्कीत पडलेल्या माझ्या जुन्या लोखंडी रिमवर जुन्याच मापाचे नवे टायर चढवले. लोटा या वेळी मीच भरला, तोही रागानं ओसंडून. त्याच रस्त्यानं गेलो, आणि खरं सांगते, अंडीबिंडी काही नाही, मी धसमुसळी गाडी हाणली. परत आलो तेव्हा आईच्या पदरावर चार थेंब होते.

धानोऱ्याच्या मंडपापुढे माझी गाडी काळ्याकुट्ट रिमवर उभी राहिली. कोणी वळूनही पाहिलं नाही. आई मात्र स्वतःच्या पायांनी उतरली आणि सगळी वंदना होईपर्यंत उभी राहिली. नवरीच्या डोक्यावर हात ठेवून तो बराच वेळ काढला नाही. भावानं प्रवास कसा झाला विचारलं, तर काय म्हणाली हे सांगायला नकोच. अलॉय रिम तेव्हापासून माझ्या पलंगाखाली आहेत. एक रांजणाखाली गेली. झाडताना बाकीच्या अजूनही पायाला लागतात.

दोन हिवाळ्यांनी आई गेली. खडूभाऊ भेटायला आले, भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "मायनं 'दुखते' म्हणून कोणाले कधी सांगतलं नाई."

"मग तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मले तरी कुठी कळत होतं? म्हणून तं लोटा देल्ला."

नंतर रस्ता रुंद झाला, नालीसाठी ओटा फुटला आणि भाऊ अहेरीला लेकीकडे गेले. जाताना माझ्याकडून खडूची अख्खी पेटी नेली. तिथे कुणाच्या गाड्या मोजल्या कोण जाणे. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी वर्गात नव्हते, निवृत्त होऊन घरीच होते. तरी पहिला विचार आला की आता खडू कोण नेईल.

गेल्या महिन्यात माझी नात, म्हणजे धानोऱ्याच्या त्या नवरीची लेक, तिच्या गाडीला मोठ्या रिम लावून आली. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या गावांमध्ये तिची नोकरी आहे. मोबाईल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "आजी, माप बरोबर आलंय बघ. दोन मिलिमीटरचा फरक."

"रिकामी गाडी मले दाखवू नको," मी म्हटलं, आणि लोटा भरून मागे जाऊन बसले.

तिनं गडचिरोलीच्या रस्त्याला गाडी घातली. रस्ता आता ताटासारखा झाला आहे. लोट्यातलं पाणी हललं म्हणून नाही. माझी कंबर दुखत होती, पण ती हल्ली बसल्या जागीही दुखते. आणि तिला रोज जायचं आहे तो रस्ता हा नव्हे, हे तिच्या त्या मोबाईलला कोण सांगणार? आरशात पाहिलं. नात समोर बघत होती. मी लोटा हळूच मांडीवर तिरका केला.

पाणी गार लागलं आणि मला एकदम आईचे हात आठवले. लोट्याभोवती घट्ट आवळलेले. एवढा घट्ट धरलेला लोटा नुसत्या खड्ड्यांनी अर्धा सांडावा, हे काही जुळत नव्हतं. सव्वीस वर्षं मी दोष त्या टायरला देत आले आहे.

"आजी, धक्का बसला का गं?" नातीनं मागे न वळता विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं.