डाक आवृत्तीतून कापलेलं वाक्य

इतकी वर्षं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. यंदा पहिल्यांदा तोंडातून निघालं. आता तुम्हालाही सांगतो. सांगून झाल्यापासून मला बरं वाटतंय, हे आधीच कबूल करतो.

चंद्रपूरच्या एका दैनिकात मी डेस्कवर होतो. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, जागेत बसवायच्या. आमचं धानाचं वडिलोपार्जित शेत नागभीडजवळ. बाबा गेल्यावर ते मी दुसऱ्याला बटईने कसायला देत असे आणि येईल तो वाटा एकटा ठेवत असे. मोठी बहीण — मी तिला बाई म्हणतो — शेजारच्याच गावात दिलेली. एका दिवाळीत तिने सहज विचारलं, "तू पेपरवाला हायेस. बाबाच्या वावरात मले बी हिस्सा भेटते का रे?"

"नाई भेटत, बाई. कायदा बदलायच्या आधीच बाबा गेले."

खोटं होतं का ते? तेव्हा न्यायालयांचीच मतं दोन होती. मी तिला एकच सांगितलं — माझ्या सोयीचं. पण मला सांगायचंय ते हे नव्हे.

पुढे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बातमी माझ्याच टेबलावर आली. मुलीचा हक्क जन्मापासूनचा. कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. हे दुसरं वाक्य हीच खरी बातमी होती — मला कळत नव्हतं?

आमच्याकडे आधी डाक आवृत्ती छापायची, ती एसटीने खेड्यांत जायची. शहर आवृत्ती नंतर. बाईच्या घरी डाक आवृत्ती यायची. भाऊ तिथे कामाला, म्हणून ती पान अन् पान वाचायची.

डाक आवृत्तीतून ते वाक्य मी कापलं. जागा होती — तरी कापलं. शहर आवृत्तीत परत घातलं. कोणी काही विचारलं नाही. डेस्कवर कापलेल्या ओळीबद्दल कोण विचारतो?

यंदा धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, आधी बाईचा फोन आला. आमच्या शेतातल्या दोन बांध्या, बांध घातलेले दोन तुकडे, ती बटईने मागत होती. स्वतःच्याच बांध्या — माझ्याकडे. मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "दुनियेच्या चोऱ्या छापून राह्यला होतास, अन् घरची तेवढी दाबली? वा रे पेपरवाल्या!"

निम्म्या शेतावर तिचं नाव चढलं. नोंद झाल्याचं कळलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्या दिवशी तिच्याकडे जेवायला बसलो. किती वर्षांनी तिच्या डोळ्यांत बघून जेवत होतो! बाईची जाऊ वाढत होती. बाई तिच्याकडे बघत मला म्हणाली, "इचा बाप बी कायदा बदलायच्या आधीच गेला. इनं तं त्या निकालानंतरच, आपला हिस्सा बसतच नाई समजून, भावाले हक्क सोडून देल्ला. इच्या घरी बी तुहाच पेपर येते."

मग तिलाही सांगितलं — वाक्य कोणतं होतं, कोणी कापलं, कशासाठी.

तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. ती वाढायची थांबली.